रूढीचा आधार, हेतूची कसोटी

सुताराला कपाट करायला सांगायचे, थोडे पैसे आगाऊ द्यायचे आणि महिन्याभराने तयार कपाट घरी आणायचे, हा साधा रोजचा व्यवहार आहे. इस्लामी कायद्याच्या काटेकोर नियमात मात्र तो बसत नाही. जी वस्तू अजून अस्तित्वातच नाही ती विकता येत नाही, असा तिथला मूळ नियम. त्यामागे कारणही रास्त होते: न दिसलेल्या मालावरून फसवणूक होते आणि तंटे उभे राहतात. तरीही इराकमधल्या हनफी परंपरेच्या पंडितांनी सुमारे बारा शतकांपूर्वी हा व्यवहार वैध ठरवला. लोक कारागिरांकडून जोडे आणि भांडी मापाप्रमाणे बनवून घेतच होते, त्यावर कुणी हरकत घेतलेली नव्हती आणि व्यवहार बंद केला असता तर बाजाराचीच अडचण झाली असती. या कराराला ‘इस्तिस्ना’ म्हणतात. आज आखाती देशांतल्या आणि मलेशियातल्या इस्लामी बँका इमारती आणि मोठे प्रकल्प उभारायला याच करारातून भांडवल पुरवतात.

या उदाहरणात इस्लामी कायद्याच्या दोन प्रेरणा एकत्र दिसतात. पहिली म्हणजे लोकांची वहिवाट, जिला शास्त्रीय परिभाषेत ‘उर्फ’ म्हणतात. दुसरी म्हणजे नियमांमागचे हेतू, ज्यांना ‘मकासिद’ म्हणतात. विवाहापासून बँकेपर्यंत आजचा इस्लामी कायदा कसा घडतो आहे हे समजून घ्यायचे असेल, तर या दोहोंचे नाते समजून घ्यावे लागते. आपल्याकडे शरियतची चर्चा बहुधा ‘ग्रंथात काय लिहिले आहे’ या एकाच प्रश्नाशी थांबते, म्हणून हे नाते जरा विस्ताराने पाहायला हवे.

सुरुवातीला एक भेद लक्षात घ्यावा. श्रद्धावंतांच्या दृष्टीने शरियत हा ईश्वराने दाखवलेला मार्ग आहे. तो मार्ग समजून घेऊन माणसांनी जे नियम मांडले, त्या शास्त्राला ‘फिक्ह’ म्हणतात. फिक्ह हे माणसांचे काम असल्यामुळे त्यात मतभेद आले आणि परंपरा निर्माण झाल्या. सुन्नी मुसलमानांत हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली अशा चार प्रमुख परंपरा आहेत. भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत, तर आपल्या कोकणातले मुसलमान प्रामुख्याने शाफई. एकाच प्रश्नावर या परंपरांची उत्तरे वेगळी असू शकतात आणि तरीही चारही उत्तरे प्रमाण मानली जातात. बदलाला वाव मिळतो तो या मोकळीकीतून.

रूढीला मान देण्याची रीत थेट पैगंबरांच्या काळापर्यंत जाते. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, हिंद बिन्त उत्बा या स्त्रीची हकीकत आहे. नवरा अबू सुफियान हात आखडून खर्चाला देतो, अशी तक्रार तिने पैगंबरांकडे केली. तुला आणि मुलांना पुरेल इतके, रीतीप्रमाणे, त्याच्या पैशांतून घे, असे तिला सांगण्यात आले. रक्कम ठरवून दिली गेली नाही. ती समाजातल्या प्रचलित राहणीमानावर सोडली. बायकोमुलांच्या पोटगीचा आकडा आजही याच तत्त्वावर ठरतो. म्हणूनच एकच नियम खेड्यात एक रक्कम देतो आणि महानगरात दुसरी.

पुढे पंडितांनी या तत्त्वाची सूत्रे बांधली. उस्मानी साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात अहमद जेवदेत पाशा यांच्या नेतृत्वाखाली ‘मेजेल्ले’ नावाची दिवाणी संहिता तयार केली. हनफी फिक्हला कलमवार रूप देणाऱ्या या संहितेत १,८५१ कलमे आहेत. आरंभीच्या कलमांत जी सर्वसाधारण तत्त्वे दिली आहेत, त्यांतले ३६ वे कलम रूढीला निवाड्याचा अधिकार देते. काळ बदलला की नियमही बदलतात हे नाकारता येत नाही, असे ३९ वे कलम मान्य करते. रूढीने जे ठरलेले असते ते करारात लिहिल्यासारखेच धरावे, असे ४३ वे कलम सांगते. मेहरचे, म्हणजे विवाहात नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेचे, उदाहरण घ्या. मेहरपैकी किती रक्कम लगेच द्यायची आणि किती पुढे, हे निकाहनाम्यात लिहिलेले नसेल, तर त्या भागातली आणि त्या घराण्यातली पद्धत पाहून ते ठरवता येते.

दमास्कसचे हनफी पंडित इब्न आबिदीन (१७८३–१८३६) यांनी रूढी या विषयावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. हनफी परंपरेतले बदल दाखवणारी दोन उदाहरणे नेहमी सांगितली जातात. घर विकत घेणाऱ्याने एक खोली पाहिली की घर पाहिले असे मानावे, हा जुना नियम होता, कारण त्या काळी खोल्या एकसारख्या बांधत. बांधकामाची पद्धत बदलली तेव्हा सगळ्या खोल्या पाहणे आवश्यक ठरले. दुसरे उदाहरण कुराण शिकवण्याच्या मोबदल्याचे. जुन्या हनफींनी तो निषिद्ध मानला होता, कारण शिक्षकांना सरकारी खजिन्यातून तनखा मिळत असे. तनखे बंद पडले आणि शिक्षकांनी दुसरा धंदा धरला तर शिकवणेच थांबेल अशी वेळ आली, तेव्हा नंतरच्या हनफींनी मोबदला मान्य केला. शिकवणे चालू राहावे हा हेतू तसाच राहिला. तो साधण्याचा मार्ग तेवढा बदलला.

इब्न आबिदीन यांच्याही सुमारे साडेपाचशे वर्षे आधी कैरोतले मालिकी पंडित अल-कराफी यांनी इशारा दिला होता, की रूढीवर उभे असलेले नियम रूढी बदलल्यावरही जुन्या पोथीतून जसेच्या तसे सांगणे ही धर्माच्या बाबतीतली चूक आहे. परगावचा माणूस मुफ्तीकडे सल्ला मागायला आला, तर मुफ्तीने आधी त्याच्या गावची रीत विचारावी, अशी त्यांची शिकवण होती.

पण रूढी नेहमीच दयाळू असते असे नाही, आणि याचे बोलके उदाहरण मुंबईत घडले आहे. १८४७ मध्ये खोजा आणि मेमन समाजांतले वारसाहक्काचे खटले मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे आले. मुलींचे म्हणणे साधे होते: कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला आहे, तो आम्हाला मिळावा. समोरच्या पक्षाने सांगितले, की आमच्या जमातीत मुलींना वारसा देण्याची चालच नाही. पेरी यांनी जमातीची रूढी ग्राह्य धरली आणि मुलींचा दावा फेटाळला. या जमाती हिंदू समाजातून मुसलमान झालेल्या होत्या आणि वारशाची जुनी रीत त्यांनी सोबत आणली होती.

इंग्रजी न्यायालयाने जे केले ते इस्लामी शास्त्राच्या कसोटीवर मात्र टिकत नाही. फिक्हमध्ये रूढी मान्य होण्यासाठी काही अटी आहेत. ती सर्वत्र किंवा बहुतेकांत चालू असावी, व्यवहाराच्या वेळी अस्तित्वात असावी, पक्षांनी तिच्याविरुद्ध काही स्पष्ट ठरवलेले नसावे, आणि कुराण-हदीसच्या स्पष्ट आदेशाला तिने छेद देऊ नये. मुलीचा हिस्सा कुराणात नमूद असताना तो बुडवणारी रूढी या शेवटच्या अटीपाशीच अडते. हा अन्याय दूर करायला नव्वद वर्षे लागली. १९३७ च्या शरियत अधिनियमाने वारसा, विवाह, तलाक, मेहर अशा बाबतींत रूढीऐवजी शरियत लागू केली आणि मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी त्याचे स्वागत केले. शेतजमीन मात्र त्यातून वगळली गेली. ज्या देशात संपत्ती मुख्यतः जमिनीच्या रूपात होती, तिथे हे वगळणे स्त्रियांना फार महागात पडले.

त्यामुळे रूढी आहे म्हणून ती मानायची का, हा प्रश्न अटळ होतो. त्याचे उत्तर हेतूच्या विचारात सापडते.

या विचाराला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत अल-गझाली (१०५८–११११) यांचे नाव अग्रभागी आहे. शरियतचे सगळे नियम अखेर पाच गोष्टींच्या रक्षणासाठी आहेत, असे त्यांनी मांडले: धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता. ग्रानाडाचे मालिकी पंडित अल-शातिबी (मृत्यू १३८८) यांनी हा विचार पुढे नेऊन एक सविस्तर शास्त्रच उभे केले. माणसाच्या गरजांची त्यांनी स्पष्ट केलेली प्रतवारी आजही वापरली जाते. काही गरजा अशा की त्यांच्यावाचून जगणेच कोलमडते, काहींवाचून हाल होतात आणि काहींमुळे जगणे शोभिवंत होते. दोन नियमांत टक्कर झाली तर वरच्या प्रतीची गरज आधी पाहायची. शातिबींचा ग्रंथ कित्येक शतके फारसा वाचला गेला नव्हता. १८८४ मध्ये तो ट्युनिसला छापला गेला आणि सुधारणावाद्यांच्या हाती आला. त्याच ट्युनिसमधले इब्न आशूर (१८७९–१९७३) यांनी १९४६ मध्ये मकासिदवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि स्वातंत्र्य व समता यांनाही शरियतच्या हेतूंत स्थान दिले.

हा विचार प्रत्यक्षात किती उपयोगी पडतो, हे भारतातल्या एका कायद्यावरून समजते. नवरा बेपत्ता झाला तर बायकोने, हनफी मतानुसार, त्याच्या वयाची माणसे हयात नसतील इतका काळ वाट पाहायची. हा काळ काहींनी नवऱ्याच्या वयाच्या नव्वद वर्षांपर्यंत मोजला होता. छळ किंवा उपासमार झाली तरी न्यायालयाकडून विवाह मोडून घेण्याचा मार्ग तिला जवळजवळ नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात अनेक स्त्रिया सुटकेसाठी धर्मच सोडू लागल्या, कारण धर्म सोडला की विवाह आपोआप संपे. देवबंदी परंपरेतले नामवंत हनफी मौलाना अशरफ अली थानवी यांनी हे गंभीर मानले. मदिनेच्या मालिकी पंडितांची मते मागवून त्यांनी या प्रश्नावर मालिकी नियम स्वीकारावा असा ग्रंथ लिहिला. मालिकी मतात बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मुदत पुरेशी होती. त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम आला. नवरा चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे पोटगी न देणे, क्रूरता अशी कारणे देऊन स्त्री न्यायालयात जाऊ लागली. सुटकेसाठी तिला धर्म सोडावा लागणार नाही आणि तिच्या जिवाचे हालही होणार नाहीत, असे धर्म आणि जीव हे दोन्ही हेतू इथे एकाच वेळी साधले गेले. विशेष म्हणजे ही वाट परंपरेत मुरलेल्या एका मौलानांनी मोकळी केली.

इजिप्तने नातवंडांच्या प्रश्नावर असाच तोडगा काढला. आजोबांच्या हयातीत मुलगा वारला आणि दुसरा मुलगा जिवंत असेल, तर सुन्नी वारसा नियमांप्रमाणे मृत मुलाच्या लेकरांना आजोबांच्या इस्टेटीतून काही मिळत नाही. एकत्र कुटुंबात चुलता त्यांना सांभाळी, तेव्हा हे कदाचित निभावत असे. शहरांत विखुरलेल्या छोट्या कुटुंबांत ती पोरे उघडी पडू लागली. १९४६ च्या इजिप्शियन कायद्याने वारशाचे वाटे तसेच ठेवले आणि मृत्युपत्राचा मार्ग वापरला. आजोबांनी केले नसले तरी नातवंडांच्या नावे मृत्युपत्र केलेच आहे असे धरायचे आणि इस्टेटीच्या एक तृतीयांश मर्यादेत त्यांना वाटा द्यायचा. पुढे इतर अनेक अरब देशांनीही हा मार्ग धरला.

रूढी आणि हेतू हातात हात घालून चालतात तेव्हा काय घडते, याचे उत्तम चित्र इंडोनेशियात दिसते. जुन्या फिक्हमध्ये नवऱ्याची आणि बायकोची मालमत्ता वेगवेगळी असते. जावाच्या खेड्यांत मात्र दोघे मिळून भातशेती करत आणि दोघे मिळून बाजारात माल विकत. संसारात मिळवलेले दोघांचे, ही तिथली जुनी रीत होती. १९९१ च्या इंडोनेशियन इस्लामी कायदा संकलनाने ती मान्य केली. घटस्फोट झाल्यास संसारात कमावलेल्या मालमत्तेचा निम्मा वाटा प्रत्येकाला मिळतो. मोरोक्कोतही असाच धागा आहे. रिफच्या डोंगरात शेतात राबणाऱ्या बायकांना पिकात वाटा मिळाला पाहिजे, असा फतवा सोळाव्या शतकात इब्न अर्दून यांनी दिला होता. सूस भागात बायकोच्या कष्टाचा हिस्सा ओळखण्याची परंपरा टिकून राहिली. २००४ च्या मोरोक्कन कुटुंब संहितेचे ४९ वे कलम सांगते, की मालमत्तेबाबत पती-पत्नीत करार नसेल तर न्यायाधीशाने दोघांचे काम आणि कष्ट विचारात घ्यावेत. शेतकरी बायकांच्या घामाला मिळालेली जुनी मान्यता अशी आधुनिक कायद्यापर्यंत पोचली.

सुमात्रातला मिनांगकाबाऊ समाज मातृवंशी आहे. तिथे पिढीजात घर आणि शेत आईकडून मुलीकडे जाते. कुराणातल्या वाट्यांशी हे जुळत नाही, म्हणून मक्केत राहणारे त्याच समाजाचे मोठे पंडित शेख अहमद खतीब यांनी त्यावर कडक टीका केली. त्यांचे शिष्य हाजी रसूल यांनी मात्र वेगळी मांडणी केली. पिढीजात संपत्ती कुणा एकाची नसतेच. ती वक्फसारखी कुळाच्या निर्वाहासाठी राखलेली असते, मग तिचे वाटे कसे पाडणार? माणसाने स्वतः कमावलेल्या संपत्तीला इस्लामी वारसा नियम आणि पिढीजात संपत्तीला कुळरीत, ही तडजोड पुढे तिथे रुळली. मुंबईत रूढीने मुलींचा हक्क काढून घेतला, तर मिनांगकाबाऊत रूढीने स्त्रियांच्या डोक्यावरचे छप्पर राखले. रूढी कोणाचे रक्षण करते हे पाहिल्यावाचून तिच्याबद्दल मत बनवता येत नाही, हे या दोन उदाहरणांतून स्पष्ट होते.

पैशाच्या व्यवहारात रूढी फार वेगाने बदलते. विकत घेतलेला माल ताब्यात येण्याआधी पुढे विकू नये, असे हदीस सांगते. ताबा कशाला म्हणायचे हे मात्र लोकरीतीवर सोडलेले होते. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९० मध्ये ठराव केला, की बँकेच्या खात्यात रक्कम जमा होणे म्हणजेच ताबा मिळणे. त्याच अधिवेशनात टेलिफोन, टेलेक्स, संगणक यांद्वारे झालेले करारही मान्य झाले.

याच अकादमीने दुसऱ्या एका प्रसंगी मात्र बाजारात सर्रास चालणाऱ्या व्यवहाराला नकार दिला. तो व्यवहार असा: ग्राहकाला रोख हवी असते. बँक त्याला धातूसारखा माल उधारीवर, चढ्या भावाने विकते आणि लगेच त्याच्याच वतीने तो दुसऱ्याला रोखीने विकून टाकते. ग्राहकाने माल पाहिलेलाही नसतो. त्याच्या हाती रोख येते आणि डोक्यावर त्याहून मोठे कर्ज. कागद पाहिला तर खरेदी-विक्रीच्या सगळ्या अटी पुऱ्या होतात, परिणाम पाहिला तर व्याजी कर्जच. २००९ मध्ये शारजाहच्या अधिवेशनात अकादमीने अशी संघटित व्यवस्था अवैध ठरवली. ज्या कर्जबाजारीपणापासून वाचवण्यासाठी व्याजबंदी आहे, तोच इथे मागच्या दाराने येत होता. तरीही कित्येक बँका हा व्यवहार आजही करतात.

हेतूचा विचार इतका मोकळा असेल, तर कुणीही उठून कुठलाही नियम हेतूच्या नावाने मोडू शकेल का? ही शंका खरी आहे आणि खुद्द परंपरेने ती गांभीर्याने घेतली आहे. सीरियाचे रमदान अल-बूती यांनी लोकहिताच्या युक्तिवादाला मर्यादा घालणारा ग्रंथ १९६० च्या दशकात लिहिला. अनिर्बंध लोकहित म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे हत्यार, ही भीती निराधार नव्हती. ट्युनिशियाचे पंतप्रधान हबीब बुर्गिबा यांनी १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद करणारा आणि घटस्फोट न्यायालयातच होईल असा कायदा आणला. पुढे अध्यक्ष असताना १९६० मध्ये, आर्थिक विकासाचा लढा हाही जिहाद आहे, म्हणून कामकऱ्यांनी रमजानचे रोजे सोडावेत, असे आवाहन त्यांनी केले. या आवाहनाला ज्या उलेमांनी (धर्मपंडितांनी) साथ दिली नाही, त्यांत इब्न आशूरही होते. हेतूशास्त्राचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा भाष्यकारच म्हणत होता, की या युक्तिवादाने उपासना रद्द होत नाही. उपासनेचे नियम स्थिर आणि माणसामाणसांतल्या व्यवहाराचे नियम बदलते, हा भेद परंपरेने फार पूर्वीच केला होता.

भारतातही यावर विचार झाला. माथेरानला १८९९ मध्ये जन्मलेले कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांनी ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’ या १९६३ च्या पुस्तकात धर्म आणि कायदा यांची क्षेत्रे वेगळी ओळखावीत असा आग्रह धरला. श्रद्धेचा गाभा अढळ राहील आणि कायदा काळाबरोबर चालेल, अशी त्यांची भूमिका होती. उलेमांना ती पटली नाही, पण तिने उभा केलेला प्रश्न आजही चर्चेत आहे.

माझ्या मते यापुढचा निर्णायक प्रश्न आहे तो अर्थ लावणाऱ्यांचा. रूढी म्हणजे कोणाची रूढी आणि हित म्हणजे कोणाचे हित, हे शतकानुशतके बहुतांशी पुरुष पंडितांनी ठरवले. पंजाबातल्या त्या स्त्रियांना आपले दुःख कायद्यापर्यंत पोचवायला धर्म सोडण्याची वाट धरावी लागली, कारण फतवा देणाऱ्यांत त्यांच्या बाजूने बोलणारी स्त्री नव्हती. ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न इंडोनेशियात झाला. एप्रिल २०१७ मध्ये चिरेबोन इथल्या एका धार्मिक निवासी शाळेत स्त्री उलेमांची परिषद भरली. कुराण, हदीस, फिक्ह आणि देशाची राज्यघटना यांच्या जोडीने स्त्रियांचे प्रत्यक्ष अनुभव हाही निर्णयाचा आधार तिने मानला. बालविवाहामुळे मुलीच्या जिवाला आणि शिक्षणाला होणारी हानी समोर ठेवून, बालविवाह रोखणे हे धार्मिक कर्तव्य आहे, असा निर्णय परिषदेने दिला. पुढच्या वर्षी तिथल्या घटना न्यायालयाने मुलामुलींच्या विवाहवयातला भेद घटनाबाह्य ठरवला आणि २०१९ मध्ये संसदेने मुलींचे किमान विवाहवय १६ वरून १९ केले. न्यायालयाचा आणि संसदेचा मार्ग स्वतंत्र होता. पण धर्माच्या नावाने होणारा विरोध बोथट करण्याचे बळ या स्त्री उलेमांच्या निर्णयाने दिले, असे मला वाटते.

म्हणून कुठल्याही इस्लामी कायद्याकडे पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. हा नियम कोणत्या काळच्या रूढीवर उभा आहे? ती रूढी आज जिवंत आहे का? आणि तो ज्यांच्या रक्षणासाठी आला, त्यांचे रक्षण अजून होते का? हे प्रश्न बाहेरून आणलेले नाहीत. कराफी, शातिबी आणि इब्न आबिदीन यांनी ते आपल्या परंपरेत राहून विचारले होते. भारतात आणि महाराष्ट्रात मुस्लिम कायद्याच्या सुधारणेवर बोलताना हे ध्यानात घेतले, तर सुधारणा मागणारी मुस्लिम स्त्री आपल्या धर्माशी भांडत नसून धर्माने दिलेले वचन मागत आहे, हे आपल्याला अधिक स्पष्ट दिसेल.